आधी तुमचं मत लिहा

‘पोटात दुखतंय’ हे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला ऐकायला मिळणारं सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत फसवं वाक्य. त्यामागे अपेंडिक्स असेल, पित्ताशय असेल, फुटलेला अल्सर असेल, अडलेलं आतडं असेल, किंवा काहीही नसेल आणि सकाळी पेशंट उठून चहा-टोस्ट मागेल. चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते. उगाच पोट उघडलं तर धडधाकट माणसाला टाके आणि आठवडाभर हॉस्पिटल. उघडायला उशीर झाला तर अपेंडिक्स आतल्या आत फुटतं आणि मग जिवाशी गाठ. हा निर्णय रात्री दोन वाजता जी व्यक्ती घेते, ती बहुधा त्या इमारतीतली सर्वांत कमी अनुभवाची डॉक्टर असते. १९८१ साली मिरजेहून इंग्लंडला आल्यावर पुढची काही वर्षं ती व्यक्ती मी होते. वेस्ट यॉर्कशरमधलं एक मध्यम आकाराचं गाव, बंद पडत चाललेल्या गिरण्या, आणि ‘बेलीवार्क’ म्हणजे पोटदुखी हे मला वॉर्डातल्या सिस्टरने शिकवलेलं पहिलं यॉर्कशरी.

यंदाच्या अंकासाठी ‘ए.आय.बद्दल काहीतरी लिहा, तुम्ही डॉक्टर आहात’ असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मला आठवला तो पन्नास वर्षांपूर्वीचा लीड्सचा कॉम्प्युटर. आज जे प्रश्न ए.आय.च्या नावाने विचारले जातात, त्यांतले बरेचसे तेव्हाच विचारून झालेत. काहींची उत्तरंही मिळाली होती. ती आपण विसरलो, एवढंच.

टिम डी डोंबल हे लीड्सचे सर्जन. एखाद्या पेशंटची लक्षणं कॉम्प्युटरला सांगितली तर तो निदान सांगू शकेल का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी अचानक उद्भवणाऱ्या पोटदुखीची सात कारणं निवडली: अपेंडिक्सची सूज, पित्ताशयाची सूज, फुटलेला अल्सर, स्वादुपिंडाची सूज, लहान आतड्यात अडथळा, मोठ्या आतड्यातला डायव्हर्टिक्युलर आजार, आणि सातवं म्हणजे ‘नक्की कारण सापडत नाही, पण बरं होईल’ अशी दुखणी. सहाशे पेशंटांच्या नोंदी जमवून प्रत्येक आजारात कुठलं लक्षण किती जणांत दिसलं ते मोजलं. विद्यापीठाचा केडीएफ९ नावाचा अवाढव्य कॉम्प्युटर होता, त्याला हे आकडे दिले.

आतलं गणित आपण सगळे रोज करतो. दारावरची बेल वाजली की उठायच्या आधीच कोण असेल ते आपण ठरवतो. सकाळचे अकरा असतील तर पोस्टमन. रात्रीचे आठ असतील तर पोस्टमन नक्की नाही. लागोपाठ दोनदा वाजली तर शेजारची म्हातारी, कारण ती नेहमी दोनदा वाजवते. प्रत्येक खुणेगणिक एक शक्यता वर चढते, दुसरी खाली उतरते. थॉमस बेझ नावाच्या अठराव्या शतकातल्या एका इंग्रज पाद्रीबुवांच्या नावाने हे गणित ओळखलं जातं. केडीएफ९ तेच करत होता, फक्त न कंटाळता आणि न विसरता.

१९७२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निकाल छापून आला. ओळीने आलेले ३०४ पेशंट. कॉम्प्युटरचं निदान ९१.८ टक्के पेशंटांत बरोबर. पेशंटला तपासणाऱ्या डॉक्टरांपैकी सर्वांत वरिष्ठाचं ७९.६ टक्के.

लोकांना हाच आकडा लक्षात राहिला: यंत्राने डॉक्टरला हरवलं. माझ्या मते त्या प्रयोगमालेतली ही सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट होती.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गंमत केली. प्रत्यक्ष पेशंटांवरून मोजलेले आकडे बाजूला ठेवले आणि डॉक्टरांनाच विचारलं, ‘अपेंडिक्सच्या शंभर पेशंटांपैकी किती जणांना उलटी होते? किती जणांचं दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली सरकतं?’ डॉक्टरांनी अनुभवावरून आकडे सांगितले, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. ते आकडे त्याच कॉम्प्युटरला दिल्यावर त्याचं यश लगेच घसरलं. यंत्र तेच, गणित तेच, पेशंटही तसेच. बदललं ते एवढंच की मोजलेल्याच्या जागी आठवलेलं आलं. ‘माझा तीस वर्षांचा अनुभव सांगतो’ या वाक्याबद्दल मी तेव्हापासून जरा सावध झाले आहे. स्वतःचा अनुभव तीस वर्षांचा झाल्यावर जास्तच.

पण खरी गोष्ट बाहेर आली १९७४च्या लेखात. प्रयोग चालू असताना कोणाचं तरी लक्ष गेलं की डॉक्टरच सुधारलेत. कॉम्प्युटर नव्हे, डॉक्टर. प्रयोगाआधी अपेंडिक्सच्या पेशंटांपैकी ३६ टक्के जणांचं अपेंडिक्स ऑपरेशनपूर्वीच फुटलेलं सापडे. प्रयोगाच्या काळात हे प्रमाण ४ टक्क्यांवर आलं. विनाकारण पोट उघडण्याचं प्रमाणही झपाट्याने उतरलं. मग प्रयोग संपला, कॉम्प्युटर गेला, फॉर्म गेले. आणि आकडे पुन्हा जुन्या जागेकडे सरकू लागले. तेच हॉस्पिटल, तशीच पोटं.

असं का झालं असेल, हे मला वाचून कळलं नाही. हातात फॉर्म आल्यावर कळलं.

आमच्या हॉस्पिटलात १९८३च्या सुमारास त्या धर्तीचा फॉर्म आणि एक छोटा कॉम्प्युटर आला. एक पान, त्यावर चौकटीच चौकटी. दुखणं सुरू कुठे झालं? आता कुठे आहे? कशाने वाढतं, कशाने कमी होतं? भूक? उलटी? कावीळ? पूर्वी पोटाचं ऑपरेशन? हात दाबला की दुखतं की उचलला की दुखतं? पोट कडक आहे का? सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. आमच्याकडे पंजाबी आणि मीरपुरी बायका यायच्या, त्यांना इंग्रजी येत नसे, आणि माझी हिंदी त्यांना जेमतेम कळे. पूर्वी अशा बाईच्या केसपेपरवर डॉक्टर ‘हिस्टरी मिळत नाही’ असं लिहून मोकळे होत. चौकट रिकामी दिसायला लागल्यावर लिहिणाऱ्याला लाज वाटू लागली. कोणीतरी नवऱ्याला आत बोलावू लागलं, कोणीतरी स्वयंपाकघरात काम करणाऱ्या शकीलाबाईंना दुभाषी म्हणून वर आणू लागलं.

पानाच्या तळाशी शेवटची चौकट होती. ‘तुमचं निदान’. ती भरून खाली सही केल्याशिवाय कॉम्प्युटरकडे जायचं नाही, असा नियम. आधी तुमचं मत, मग त्याचं. आणि तिसरी पायरी महिन्याच्या शेवटी: विभागाच्या सेक्रेटरी एक कागद टाइप करून प्रत्येकाच्या खणात ठेवायच्या. त्यावर पेशंटचा नंबर, तुम्ही काय म्हणालात, कॉम्प्युटर काय म्हणाला, आणि शेवटी खरोखर काय निघालं.

हा कागद काय चीज होती ते आजच्या मुलांना सांगून पटत नाही. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला पेशंटचं पुढे काय झालं ते कधी कळतच नसे. रात्री तपासलं, वर पाठवलं किंवा घरी पाठवलं, संपलं. वर्षानुवर्षं तिरंदाजी करायची आणि बाण कुठे लागला ते कोणी सांगायचं नाही. अशाने अनुभव वाढत नाही, आत्मविश्वास तेवढा वाढतो.

एका रात्रीची गोष्ट सांगते. एकोणीस वर्षांची मुलगी, विणकामाच्या कारखान्यात कामाला. दुखणं आदल्या दिवशी बेंबीभोवती सुरू झालेलं, आता उजवीकडे खाली. जेवण नको म्हणत होती. मी शेवटच्या चौकटीत ‘अपेंडिसायटिस’ लिहिलं. रजिस्ट्रार, म्हणजे माझा वरिष्ठ, उंच, देखणा, बोलायला गोड, त्याने दोन मिनिटं पाहून सांगितलं, मुलींना महिन्याच्या मध्यावर असं दुखतंच, घरी पाठव. आधीची वर्षं असती तर ती घरी गेली असती. मी नवी, बाई, परदेशी, आणि माझ्या उच्चारांना तिथले पोर्टरसुद्धा हसायचे. पण आता त्यालाही चौकटीत लिहून सही करावी लागणार होती. त्याने पेन हातात घेतलं आणि थांबला. तोंडी बोलताना जी खात्री होती ती सही करताना अर्धी झाली, हे मला समोर दिसलं. ‘बरं, सकाळपर्यंत ठेवू,’ तो म्हणाला, आणि त्याने चौकटीत ‘कारण अनिश्चित’ लिहिलं. सकाळी सातला तिचं ऑपरेशन झालं. अपेंडिक्स सुजून टम्म झालं होतं, फुटलं नव्हतं. महिनाअखेरीच्या कागदावर ती ओळ होती, त्याच्याही खणात आणि माझ्याही. त्यावरून आम्ही एक शब्द बोललो नाही. पण त्यानंतर तो मला विचारू लागला, ‘तू काय लिहिलंयस?’

यंत्राची आरती ओवाळतेय असं वाटायला नको म्हणून दुसरीही सांगते. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, सत्तरीचे, पोटातून पाठीत जाणारी कळ. कॉम्प्युटरने स्वादुपिंड म्हटलं, बऱ्याच खात्रीने. आमचे कन्सल्टंट कडक स्वभावाचे, कॉम्प्युटरला ‘दॅट टेलिव्हिजन’ म्हणायचे. त्यांनी पोटावर हात ठेवला, अर्धा मिनिट ठेवला, आणि थिएटर तयार करायला सांगितलं. महाधमनीला फुगा येऊन ती गळत होती. कॉम्प्युटरला हे कळणं शक्यच नव्हतं, कारण त्याच्या सातांच्या यादीत तो आजारच नव्हता. जे यादीत नाही ते त्याच्या लेखी जगातच नाही, आणि तरी उत्तर देताना तो अडखळत नाही. ते गृहस्थ पुढे ख्रिसमसला आम्हाला बिस्किटांचा डबा घेऊन आले.

१९८६ साली मोठ्या चाचणीचा निकाल छापून आला. आठ केंद्रं, २५० डॉक्टर, १६,७३७ पेशंट. पहिल्या तपासणीतल्या निदानाची अचूकता ४५.६ टक्क्यांवरून ६५.३ टक्क्यांवर गेली. अपेंडिक्स फुटण्याचं प्रमाण २३.७ वरून ११.५ टक्क्यांवर आलं. विनाकारण पोट उघडणं जवळजवळ निम्म्यावर. मृत्यूंचं प्रमाण २२ टक्क्यांनी कमी. असं औषध निघालं असतं तर कंपनीने वर्षभरात जगभर विकलं असतं. पुढच्या अभ्यासांत दिसलं की या लाभाचा बराच मोठा वाटा नुसत्या फॉर्मचा होता.

तरीही ते पसरलं नाही. ‘यंत्र आम्हाला काय शिकवणार’ हे होतंच, पण मला वाटतं मुख्य कारण जास्त रटाळ आहे. महिनाअखेरीचा कागद टाइप करणं हे कोणाच्याच कामाच्या यादीत बसत नव्हतं. आमच्याकडे सेक्रेटरीबाई निवृत्त झाल्या, त्यांची जागा भरली गेली नाही, कागद थांबला. कॉम्प्युटर कोपऱ्यात दोन वर्षं होता. कागद थांबल्यावर शेवटच्या चौकटीत लोक काहीही लिहू लागले, मग लिहिणंच सोडलं. यंत्राला खर्च मंजूर होतो. यंत्राचं उत्तर खरं ठरलं की खोटं हे तपासणाऱ्या माणसाला होत नाही.

थोडं आपल्या मंडळाबद्दल, रागावू नका. गणपतीच्या जेवणाला किती पानं होतील यावरून कार्यकारिणीत दर वर्षी जी चर्चा होते ती आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा केटररला जातो, आणि पुरणपोळ्या उरल्या किंवा संपल्या की सगळेच म्हणतात, ‘मी म्हणालोच होतो.’ तीन वर्षांपूर्वी मी प्रत्येकाला चिठ्ठीवर आकडा आणि नाव लिहून पाकिटात टाकायला लावलं, आणि कार्यक्रमानंतर पाकीट फोडलं. आता आपण आकडा ठरवताना आधी कोणाकडे पाहतो ते सभासदांना माहीत आहे. ती बाई बैठकीत फारसं बोलत नाही. या कामाला सॉफ्टवेअर लागलं नाही. लागलं असतं तर हरकत नव्हती.

आता दुसऱ्या टोकाची गोष्ट, जी या देशातल्या प्रत्येक भारतीय घरात बोलली गेली. पोस्ट ऑफिसचं होरायझन. १९९९पासून बसवलेल्या या सॉफ्टवेअरने शाखांच्या हिशोबात तूट दाखवली, आणि १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक सबपोस्टमास्तर गुन्हेगार ठरले. त्यांत आपल्यासारखी नावं किती होती! वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा २०१० साली गरोदर असताना तुरुंगात गेल्या. त्यांची शिक्षा रद्द व्हायला एप्रिल २०२१ उजाडलं. दोष सॉफ्टवेअरमध्ये होते हे आता सगळ्यांना माहीत आहे. दोष सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये असतात. आमच्याही होता, म्हटलंच आहे. मला त्यातलं जे सर्वांत भयानक वाटतं ते म्हणजे हेल्पलाइनला फोन करणाऱ्या कितीतरी जणांना सांगितलं गेलं की ही अडचण फक्त तुम्हालाच येतेय. म्हणजे महिनाअखेरीचा कागद नव्हताच. प्रत्येकाला वाटलं आपण एकटे. यंत्र काय म्हणालं ते नोंदलं गेलं, माणूस काय म्हणाला ते नोंदलं गेलं नाही, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहणारं कोणी नव्हतं. कोर्टातही कॉम्प्युटर नीटच चालत होता असं गृहीत धरायची इंग्लंडची पद्धत. तो चुकला हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर. गावातल्या दुकानदाराने ते दाखवायचं कसं?

हॉस्पिटलांकडे परत येते, कारण वाचकांपैकी बरेच जण आता डॉक्टरच्या बाजूला नसून खाटेच्या बाजूला आहेत. आज कुठल्याही वॉर्डात गेलात तर नर्स टॅब्लेटवर आकडे भरताना दिसेल. त्याला न्यूज म्हणतात, बातम्यांशी संबंध नाही. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली ही पद्धत आणली आणि २०१७ साली सुधारली. श्वासाची गती, रक्तातला ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध, ताप. प्रत्येकाला गुण, आणि बेरीज सॉफ्टवेअर करतं. पाच झाले तर डॉक्टरने लवकर येऊन पाहायचं, सात झाले तर तातडीचं पथक. वरवर पाहता हे पाचवीचं गणित. पण मी निवृत्त होण्याआधीच्या वर्षांत त्याचा खरा उपयोग पाहिला तो रात्रीच्या फोनवर. केरळहून नुकतीच आलेली नर्स आधी फोनवर म्हणायची, ‘सर, मला पेशंट बरा वाटत नाही,’ आणि पलीकडून झोपाळू आवाजात ‘सकाळी बघू’ यायचं. आता ती म्हणते, ‘स्कोअर आठ आहे.’ आठला ‘सकाळी बघू’ म्हणता येत नाही, कारण आठ किती वाजता सांगितलं ते नोंदलेलं असतं. मला तो विणकामाच्या कारखान्यातल्या मुलीचा फॉर्म आठवायचा.

यातही एक मेख आहे आणि ती आपल्या कातडीला चिकटलेली आहे. बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा सावळ्या-काळ्या त्वचेवर कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. कोविडच्या काळात त्यावर बरंच काम झालं, आणि सरकारने नेमलेल्या समितीचा अहवालही २०२४ साली आला. सॉफ्टवेअरने बेरीज अचूक केली तरी आत गेलेला आकडाच गोड असेल तर? म्हणून घरचं माणूस ‘नेहमीसारखं दिसत नाही’ असं तुम्हाला वाटलं तर आकडा बरा आहे म्हणून गप्प बसू नका. तेरा वर्षांची मार्था मिल्स २०२१ साली सेप्सिसने गेली. आईवडील सांगत होते, त्यांचं ऐकलं गेलं नाही. तिच्या नावाने ‘मार्थाज् रूल’ २०२४पासून इंग्लंडच्या हॉस्पिटलांत येऊ लागला आहे. त्यात नातेवाइकांना दिवसा-रात्री कधीही दुसऱ्या पथकाकडून तपासणी मागता येते, आणि पेशंटला कसं वाटतंय हे रोज विचारून नोंदायचं असतं. वॉर्डात भिंतीवर फोन नंबर आहे का ते पाहून ठेवा.

दुसरी उपयोगाची गोष्ट. चाळिशीनंतर जीपी तुमच्या हृदयविकाराचा दहा वर्षांतला धोका टक्क्यांत सांगतो. पूर्वी तो अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावातल्या लोकांच्या नोंदींवरून काढत. १९४८ साली सुरू झालेला तो अभ्यास मोठा, पण गाव जवळजवळ सगळं गोरं. आपल्या लोकांना हृदयविकार लवकर गाठतो हे त्या गावाला कसं कळणार? २००८ साली क्यूरिस्कची दुसरी आवृत्ती आली, त्यात वंशाची चौकट आली, भारतीय वेगळे, पाकिस्तानी वेगळे, बांगलादेशी वेगळे. तेव्हा फॉर्मवर ‘वंश’ विचारला की काहीजण तत्त्वाने रिकामा सोडतात, तो कृपया भरा. या एका चौकटीने गोळी सुरू करायची की नाही ते बदलू शकतं. उलट माझे सांगलीचे बंधू इंटरनेटवर तोच हिशोब करून मला दर दिवाळीला आकडा कळवतात. ते गणित या देशातल्या लोकांवर आणि इथल्या पोस्टकोडवर बेतलेलं आहे. विश्रामबागेत त्याला काही कळत नाही. लीड्सच्या पोटदुखीच्या कॉम्प्युटरचंही कोपनहेगनला नेल्यावर तेच झालं होतं, यश बरंच खाली आलं. माणसं थोडी वेगळी, ‘तीव्र वेदना’ म्हणजे काय याची समजूत थोडी वेगळी.

या बंधूंचाच मुलगा, माझा भाचा, पुण्याला हिंजवडीत एका छोट्या कंपनीत आहे. ते जिल्ह्याच्या गावांतल्या हॉस्पिटलांसाठी निदानाला मदत करणारं सॉफ्टवेअर बनवतात, तरुण डॉक्टर रात्री एकटा असतो तिथे वापरायला. मे महिन्यात गेले होते तेव्हा त्याने मला लॅपटॉपवर दाखवलं. देखणं आहे. मराठीत बोललेलं ऐकतं, ‘पोटात मुरडा येतो’ आणि ‘पोटात कळ येते’ यांतला फरक त्याला कळतो, जो मला यॉर्कशरात समजावून सांगता आला नसता. लक्षणं भरली की पडद्यावर वरच मोठ्या अक्षरांत त्याचं उत्तर येतं, आणि खाली डॉक्टरने ‘मान्य’ दाबायचं.

मी विचारलं, “याला शिकवलं कुठल्या पेशंटांवर?”

“बरेचसे अमेरिकेतले, आत्या. तिकडचा डेटा मिळतो.”

“मग आतड्याचा टीबी? टायफॉइडने फुटलेलं आतडं? लिव्हरमधला अमीबाचा गळू?”

तो म्हणाला, यादीत आहेत, पण नोंदी कमी आहेत. दोन हॉस्पिटलांशी बोलणं चालू आहे. ते ठीक, प्रामाणिक उत्तर. मग मी ‘मान्य’च्या बटणाबद्दल बोलले. डॉक्टरची चौकट वर घे आणि रिकामी ठेव. ती भरल्याशिवाय तुझं उत्तर दिसायला नको. आणि पेशंटला शेवटी काय निघालं ते महिन्याने त्या डॉक्टरला कळव.

“एक क्लिक वाढेल, आत्या. गिऱ्हाइकाला ते नको असतं. हॉस्पिटलचा मालक विचारतो, यंत्राला माहीत आहे तर पोराला कशाला लिहायला लावता?”

“त्या पोराला विचारलंस?”

त्याने विचारलं नव्हतं. जुलैत त्याचा फोन आला. कोल्हापूरकडच्या एका हॉस्पिटलात त्याने दोन महिन्यांसाठी तशी सोय करून पाहिली आहे, एका रात्रपाळीपुरती. मालकाला सांगितलेलं नाही. महिन्याचा कागद मात्र अजून निघत नाही, कारण पेशंट पुढे सांगली-मिरजेला जातात आणि शेवटी काय निघालं ते परत कळवणारं कोणी नाही. त्यासाठी एक माणूस ठेवावा लागेल, अर्धवेळ तरी, जो फोन करून विचारेल. पगार कुठून काढायचा यावर सध्या घोडं अडलं आहे. दिवाळीत तो इकडे येणार आहे, चार दिवस. मी मिरजेच्या कॉलेजातल्या माझ्या वर्गमित्रांची यादी काढून ठेवली आहे. त्यांतले दोघं अजून प्रॅक्टिस करतात आणि फोन उचलतात.